भ्रंश तेल अडवतो की सोडतो?

प्रश्न गुहागरच्या एका विद्यार्थ्याचा आहे, भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा. थोडक्यात असा: एका पुस्तकात लिहिले आहे की भ्रंशामुळे तेलाचा सापळा, म्हणजे तेल अडकून साठण्याची जागा, तयार होतो, दुसऱ्यात लिहिले आहे की भ्रंशावाटे तेल निसटून जाते, खरे काय? आणि त्याला जोडून: मुंबई हायला तेल आहे, पावसाळ्यात आमच्या वाळूवर डांबराचे गोळे येतात, तर कोकणच्या कातळाखालीही तेल असेल का?

गोळ्यांचे आधी उरकून टाकू. समुद्रावर तरंगणाऱ्या कच्च्या तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेला चिकट गाळ लाटांनी घोळला जाऊन गोळा होतो आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्याला लागतो. टँकरच्या टाक्या धुतल्याचे तेल आणि समुद्रातल्या विहिरींवरचे तेल, दोन्हींचे माग आपल्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांत रासायनिक तपासणीने निघालेले आहेत. म्हणजे गोळा समुद्राच्या पृष्ठभागावर काय सांडले ते सांगतो. तुमच्या पायाखालच्या खडकाबद्दल तो काही सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. अडचण पुस्तकांची नाही. भ्रंशाला एकच ठरलेला स्वभाव आहे असे आपण धरून चालतो, तिथे गोंधळ होतो. भ्रंश म्हणजे खडक तुटून सरकला, एवढेच. तो तेल अडवेल की सोडेल हे चार गोष्टींवर ठरते: सरकल्यानंतर कुठला थर कुठल्या थरासमोर आला, थराच्या जाडीच्या मानाने सरकणे किती झाले, तुटलेल्या फटीत काय भरडले गेले, आणि तो शेवटचा कधी हलला. या चारपैकी तीन गोष्टी थरांशी बांधलेल्या आहेत. म्हणून नकाशावर भ्रंशाची रेघ दिसली तरी मी आधी थरांचा स्तंभ मागतो. स्तंभाशिवाय त्या रेघेला अर्थ नाही.

थरांचे साधे गणित कोकणात राहणाऱ्याला सांगायला फार कष्ट पडू नयेत. सड्यावरचा जांभा पाणी पितो, खालची चिकणमाती किंवा घट्ट कातळ ते अडवतो, आणि पाऊस सरल्यावरही त्या दोघांच्या सांध्यावर झरा वाहत राहतो. तेलाचेही असेच, फक्त उलटे: तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याला अडवणारा थर वर लागतो. चांगल्या वालुकाश्मात १५ ते २५ टक्के पोकळी असते आणि त्याची पारगम्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, शेकडो मिलिडार्सी (हे तिचे माप) असू शकते. शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबून झालेल्या खडकात, पोकळी असतेच, पण तिची पारगम्यता मिलिडार्सीच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. शेल तेल अडवतो तो भोके नाहीत म्हणून नव्हे. ती भोके पाण्याने भरलेली आणि इतकी अरुंद असतात की तेलाच्या थेंबाला आत शिरायला ठराविक दाब लागतो. तेवढा दाब जमला की झाकणही गळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या समोरच्या समुद्रात हा स्तंभ कसा रचला गेला ते पाहण्यासारखे आहे, कारण भ्रंश आणि थर ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत हे तिथे उघड दिसते. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटला, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स. या ताणाताणीत पश्चिम किनाऱ्याचा तळ तुटला. बहुतेक भ्रंश किनाऱ्याला जवळपास समांतर, म्हणजे वायव्य-आग्नेयेकडे थोडे कललेले, कारण खालच्या, फार जुन्या धारवाडी खडकाची ठेवणच तशी. काही ठोकळे उंच राहिले, काही खचले. मुंबई हाय हा उंच राहिलेला ठोकळा. त्याच्या ईशान्येचा सुरतचा खड्डा हा खचलेला.

मग गाळ साचू लागला आणि तो कुठे कसा साचायचा ते या ठोकळ्यांनीच ठरवले. पहिला पन्ना थर: शेल, कोळसा, थोडी वाळू. खोलगट भागांत तो जाड, उंचवट्याच्या माथ्यावर पातळ किंवा गायबच. या भागातले बरेचसे तेल आणि वायू त्यातल्याच सेंद्रिय गाळातून शिजून निघाले. त्यावर इओसीन काळात वसईची चुनखडी आली. १९७६ मध्ये सापडलेल्या वसईच्या वायुक्षेत्राचा साठा याच चुनखडीत आहे. त्याच्या वर ऑलिगोसीनचे थर, आणि मग मायोसीन काळातली, म्हणजे ढोबळ मानाने २ कोटी वर्षांपूर्वीची, एल-थ्री चुनखडी. मुंबई हायचे बहुतांश तेल हिच्यात, समुद्रतळाखाली साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर. वर मायोसीनचाच शेल, झाकण म्हणून.

चुनखडी उंचवट्यावरच का? नर्मदा आणि तापीचा चिखल सुरतच्या खड्ड्यात उतरत होता. उंच ठोकळ्यावर पाणी उथळ आणि नितळ राहिले, तिथे चुना धरणारे जीव वाढले. समुद्राची पातळी उतरली की ही चुनखडी उघडी पडून पावसाच्या पाण्यात विरघळायची, तिच्यात पोकळ्या पडायच्या. पातळी चढली की वर पातळ चिखल बसायचा. असे पुन्हा पुन्हा झाले. म्हणून एल-थ्री हा एक सलग ठोकळा नसून पातळ शेलच्या पट्ट्यांनी वेगळ्या केलेल्या अनेक उपथरांची चळत आहे. म्हणजे जुन्या भ्रंशाने उंचवटा दिला, उंचवट्याने चुनखडी दिली आणि चुनखडीने साठवणीची जागा दिली. एल-थ्रीच्या काळापर्यंत या भ्रंशांचे मोठे काम उरकलेले होते. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाने जे तेल गाठले ते मुख्यतः उंचवट्यावर घुमटासारख्या वाकलेल्या थरांत होते. भ्रंशाच्या भिंतीला टेकून राहिलेले ते तेल नव्हे. परीक्षेत मुंबई हायला सरळ ‘भ्रंश-सापळा’ म्हणून टाकू नका. पूर्वेच्या उताराला मोठा भ्रंश आहे हे खरे, पण तेवढ्यावरून सापळ्याचा प्रकार ठरत नाही.

कोकणच्या जमिनीचा प्रश्न इथेच सुटतो. समुद्रात बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट हा तळ आहे आणि गाळाचे थर त्यावर बसले आहेत. जमिनीवर तोच बेसॉल्ट छप्पर झाला आहे आणि त्याच्या खाली तेल देणारा गाळ असल्याची चिन्हे नाहीत. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कोयना. तिथे भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विवरे खोदली, त्यांतले एक ३ किलोमीटरचे. बेसॉल्ट संपला तो थेट ग्रॅनाइट-नाइसवर. मधे गाळाचा खडक लागला नाही. रत्नागिरीकडे जांभ्याखाली लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, तुकडे असलेली चिकणमाती सापडते, त्यावरून कुणी आशा बांधू नये. सेंद्रिय गाळातून तेल सुटायला साधारण ६० अंश सेल्सिअस तरी लागतात आणि खरा भर ९० ते १०० अंशांच्या आसपास असतो. जमिनीवर २७ अंश धरले आणि किलोमीटरमागे ३० अंश वाढ धरली, तर ६० अंश लागायला १.१ किलोमीटर आणि ९० ते १०० अंशांना २.१ ते २.४ किलोमीटर खोली हवी. जांभ्याखालची ती माती कधी एवढी खोल पुरलीच गेली नाही. राजापूर, तुरळ, आरवली, उन्हवरे इथले गरम पाण्याचे झरे कोकणात भेगा आहेत आणि त्या खोलवर उघड्या आहेत एवढे दाखवतात. भेगा भरपूर आहेत, पण तेल देणारा थर नाही, साठवणारा नाही आणि झाकणारा नाही.

बेसॉल्टमध्ये तेल कधीच नसते असे मात्र म्हणू नका. गुजरातेत पाद्रा इथे झिजलेल्या, भेगाळलेल्या दख्खनच्या बेसॉल्टमधून तेल निघते. पण ते शेजारच्या खंबातच्या खोऱ्यातल्या गाळात तयार होऊन तिथे सरकले आहे.

आता भ्रंशाकडे. एक काल्पनिक स्तंभ घ्या आणि कागदावर काढा, नुसते वाचून हे डोक्यात बसत नाही. वरून खाली: ‘अ’ वालुकाश्म ३० मीटर, मग शेल ५० मीटर, मग ‘ब’ वालुकाश्म ३० मीटर. ‘अ’च्या वर पुन्हा शेल. एका भ्रंशाने उजवी बाजू खाली सरकवली. डावीकडच्या, उंच राहिलेल्या ‘ब’मध्ये तेल भ्रंशापर्यंत चढत आले आहे. ते थांबेल का?

थ्रो, म्हणजे एकच थर दोन बाजूंना किती मीटर वरखाली झाला तो आकडा, २० मीटर असेल तर डाव्या ‘ब’च्या वरच्या २० मीटरसमोर शेल येतो आणि खालच्या १० मीटरसमोर उजवीकडचा ‘ब’च. म्हणजे तेलाचा स्तंभ माथ्यापासून २० मीटर खालपर्यंत भरेल. त्याहून जास्त आले आणि उजवीकडचा थर भ्रंशापासून दूर जाताना चढत असेल, तर ते त्या खिडकीतून पलीकडे जाईल. थ्रो ४० मीटर केला की ‘ब’चे सगळे ३० मीटर शेलसमोर येतात: बंद. थ्रो ७० मीटर केला की शेल खाली निघून जातो आणि ‘ब’च्या वरच्या २० मीटरसमोर ‘अ’ येऊन उभा राहतो. माथ्यालाच दार उघडले. या स्तंभात थ्रो ३० ते ५० मीटरच्या दरम्यान असेल, किंवा ११० मीटरच्या पुढे जाऊन ‘अ’च्या वरचा शेल समोर आला असेल, तरच समोरासमोरच्या हिशेबाने पूर्ण अडवणूक होते. जाड्या बदला, उत्तर बदलेल.

यातून निघणारी गोष्ट पुस्तकात बहुधा एका ओळीत येते आणि तिच्यावरच सगळे अडते. भ्रंशाचा थ्रो त्याच्या लांबीभर सारखा नसतो. साधारण मध्यावर जास्त आणि दोन्ही टोकांना शून्य. म्हणजे एकच भ्रंश एका ठिकाणी अडवतो, किलोमीटरभर पुढे सोडतो. ‘हा भ्रंश बंद आहे का’ असा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचे असे: कुठल्या जागी, कुठल्या थरासाठी, किती उंचीच्या तेलासाठी.

समोरासमोरचा हिशेब झाला, तरी काम अर्धेच. सरकताना शेलचा चिखल फटीत ओढला जातो आणि त्याचा लेप बसतो. तो मोजायची ढोबळ पद्धत अशी: भ्रंशावरच्या एखाद्या बिंदूपाशी, त्या बिंदूसमोरून जेवढा स्तंभ सरकून गेला त्यात शेल किती, हे थ्रोने भागायचे. ७० मीटरच्या उदाहरणात ‘ब’च्या माथ्यासमोरून ५० मीटर शेल आणि २० मीटर ‘अ’ गेला. ५० भागिले ७०, म्हणजे ७१ टक्के. वाळू-शेलच्या थरांत १५ ते २० टक्क्यांच्या वर गेले की लेप टिकण्याची शक्यता धरतात, म्हणजे उघडे वाटलेले दार प्रत्यक्षात लिंपलेले असू शकते. उलट २० मीटरच्या थ्रोमध्ये ‘ब’समोर ‘ब’ आलेल्या खिडकीपाशी, माथ्यापासून २५ मीटर खाली, सरकून गेली ती निव्वळ वाळू: शून्य टक्के. लहान भ्रंश गळका आणि मोठा भ्रंश पक्का, असे उफराटे उत्तर येते ते यामुळे.

पण हा टक्का चुनखडीला जसाच्या तसा लावू नका. ती चूक सर्रास दिसते. चुनखडीच्या चळतीत शेलच्या पट्ट्या पातळ असतात, लेपाला माल पुरत नाही. तिथे फट पुढे चुन्याने सांधली गेली की विरघळून रुंद झाली, यावर निकाल ठरतो आणि ते गाभ्याचा, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाचा, नमुना पाहिल्याशिवाय कळत नाही.

लेप असला तरी तो किती पेलेल? पाण्याची घनता १.०३ आणि तेलाची ०.८ धरा. फरक ०.२३. म्हणजे तेलाचा स्तंभ १०० मीटर उंच असेल तर माथ्याशी लेपावर सुमारे २.३ बार जादा दाब. त्याच जागी ०.२ घनतेचा वायू असेल तर सुमारे ८ बार. म्हणून एकाच भ्रंशाने तेल पेलले आणि वायूला वाट करून दिली, असे होऊ शकते. माथ्यावर वायूची टोपी असेल तिथे झाकणाची आणि भ्रंशाची तपासणी वायूच्या हिशेबाने करायची.

चौथी गोष्ट वेळेची. तेल तयार होऊन चढू लागले तेव्हा भ्रंश हलत असेल, तर त्याच्या फटी उघड्या असतात आणि तोच तेलाला वर जायचा रस्ता होतो. हालचाल थांबली, फट लिंपली किंवा सांधली गेली की तीच भिंत. पुढे लाखो वर्षांनी पुन्हा हलला तर भरलेला साठा गळतो. दोन्ही पुस्तकांची वाक्ये खरी आहेत, फक्त ती एकाच भ्रंशाच्या वेगवेगळ्या काळांबद्दल असू शकतात. हालचाल ताजी आहे का हे पाहायला मी त्याचे वरचे टोक शोधतो: भ्रंश मायोसीनच्या थरात विरतो की थेट समुद्रतळापर्यंत येतो? तळापर्यंत आला असेल आणि त्याच्या वरच्या भागात भूकंपीय छेदावर, म्हणजे ध्वनीचे परतलेले पडसाद टिपून काढलेल्या थरांच्या उभ्या चित्रावर, परावर्तने धूसर झाली असतील, तर वायू वर झिरपतो आहे अशी शंका घ्यायची. फक्त शंका. उथळ थरातले साधे वायूचे खिसेसुद्धा चित्र असेच धूसर करतात.

हे सगळे मोजायला भूकंपीय छेद हे जे साधन आहे त्याचीही मर्यादा पाहा. खडकातला ध्वनीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी १०० मीटर. तिच्या साधारण चौथ्या भागापर्यंत, म्हणजे २५ मीटरपर्यंतचे फरक नीट दिसतात. वरच्या उदाहरणातला २० मीटरचा भ्रंश छेदावर दिसेलच असे नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असे कुणी धरले की उत्पादन सुरू झाल्यावर घोटाळे होतात: दाब टिकवायला एका विहिरीतून पाणी आत सोडायचे आणि शेजारच्या विहिरीचा दाब उतरतच राहायचा, कारण मधे भिंत आहे. किंवा उलट, पाणी एखाद्या उघड्या भेगेतून किंवा जास्त पारगम्य पट्ट्यातून धावत जाऊन तेलाच्या विहिरीत आधीच पोचते आणि दोघांच्या मधले तेल तसेच राहते.

म्हणून विहिरीतली मापे बघायची. दोन विहिरींत तेल-पाण्याची सीमा वेगवेगळ्या खोलीवर आहे का, हा पहिला संकेत. दुसरा, उत्पादन सुरू झाल्यावर नव्या विहिरीत थरनिहाय दाब मोजला तर तो मूळचाच आहे की उतरलेला. मूळचाच असेल तर त्या थरापुरता तो भाग बाकीच्या साठ्यापासून तुटलेला आहे. तिसरा, विहीर चालवून बंद करायची आणि दाब कसा चढतो ते वेळेच्या लॉगॅरिदमच्या अक्षावर काढायचे. जवळ एकच बंद भिंत असेल तर रेषेचा उतार दुप्पट होतो. ही चाचणी भिंत आहे एवढेच सांगते. भिंत भ्रंशाची की थरच तिथे शेलमध्ये विरून गेल्याची, हे ती सांगत नाही.

इथे बहुतेक नवशिके सगळे भ्रंशाच्या माथी मारतात. मुंबई हायसारख्या क्षेत्रात पातळ शेलच्या पट्ट्या आणि चुनखडीतली घट्टपणाची चढउतार हे अडथळे भ्रंशांइतकेच, कधी जास्तही, त्रास देतात. तुमच्या प्रकल्पासाठी एखाद्या प्रकाशित छेदावर काम करणार असाल तर भ्रंशाच्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंचे थर वेगळ्या रंगांत एकावर एक काढा आणि वालुकाश्मासमोर वालुकाश्म किंवा चुनखडीसमोर चुनखडी येते ते तुकडे छायांकित करा. लेपाचा हिशेब त्या तुकड्यांपुरताच करायचा, सगळ्या भ्रंशाचा नाही.

आणि विहिरीच्या नोंदीत थराचा काही भाग गहाळ दिसला तर लगेच भ्रंश लिहू नका. ताणाने झालेला भ्रंश विहिरीला छेदतो तेव्हा भाग गहाळ होतोच, पण जुनी झीज झाली असली तरीही होतो. फरक शेजारच्या विहिरीत कळतो. असा भ्रंश साधारण ६० अंशांनी कललेला असतो, म्हणजे त्याच्या उताराच्या दिशेने ३०० मीटर पुढे गेले की तो जवळपास ५२० मीटर खोल गेलेला असतो आणि तिथल्या विहिरीत वेगळाच थर कापतो. दोन्ही विहिरींत गहाळ भाग एकाच थराच्या माथ्याशी येत असेल, तर ती झीज समजा आणि नकाशावरची भ्रंशाची रेघ पुसून टाका.